प्रति: तोंड आल्यावर लावायला काय चांगलं?

या प्रश्नाला आधीच्या उत्तरांत एकाच दमात जेल, पेस्ट, हळद-तूप आणि जाईचा पाला सुचवलाय. पण या सगळ्यांचं काम एक नाही. बेन्झोकेन किंवा लिडोकेनचं जेल नुसतं बधिर करतं. जेवणाआधी लावलं तर चार घास सुखाने जातात, फोड मात्र आपल्या वेळेनेच भरतो. बेन्झोकेन 2 वर्षांखालच्या मुलांना अजिबात नको, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटू शकते. कोलिन सॅलिसिलेटचं जेल ॲस्पिरिनच्याच कुळातलं, तेही लहान मुलांपासून लांबच ठेवा.

सूज उतरवायची तर ट्रायॅमसिनोलोनची 0.1 टक्क्याची पेस्ट, आणि तीही डॉक्टरांना विचारून, कारण ते स्टेरॉइड आहे. बहुतेकजण ती चोळतात, मग ती भुसभुशीत होऊन सुटते आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून शिव्या खाते. झोपण्याआधी फोड कापसाने टिपून कोरडा करा, बोटावर ज्वारीच्या दाण्याएवढी घेऊन नुसती टेकवा. वर गुळगुळीत पापुद्रा धरला की झालं. पांढरे चट्टे बुरशीचे असतील तर मात्र हीच पेस्ट त्रास वाढवते.

जाईचा पाला आमच्याकडेही चघळतात, बरं वाटतं. तुरटी मात्र नको, भयंकर झोंबते!

वारंवार तोंड येत असेल तर बी-12, लोह तपासा आणि फेसाळ टूथपेस्ट बदलून बघा. 3 आठवड्यांत न भरलेला फोड, त्यातून तंबाखूची सवय, तर सरळ दंतवैद्याकडे.