टॉवर उभा, पण रेंज नाही : निसर्ग वादळानंतरचे अनुभव लिहा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पडलेल्या माडा-पोफळींबद्दल आणि उडालेल्या पत्र्यांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला ऐकायचंय ते पुढच्या दिवसांचं. फोन बंद, त्यात लॉकडाऊन. खबर कशी पोचवलीत? दुसऱ्या आपत्तीतले अनुभवही लिहा.

श्रीवर्धनजवळच्या गावातून
दुपारनंतर रेंज गेली ती गेलीच. वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मुंबईला. सगळ्यांना एकच घोर, तिकडे कळवायचं कसं? रस्ता थोडा मोकळा झाल्यावर वाडीतला एक पोरगा मोटरसायकलने माणगावकडे निघाला. आम्ही वहीच्या पानावर घरटी एक नंबर आणि एक ओळ लिहून दिली. ‘आई बरी आहे. मागचं छप्पर गेलं. येऊ नका.’ रेंज मिळाल्यावर त्याने रस्त्याकडेला थांबून एकेक फोन लावला आणि उत्तरं त्याच पानामागे लिहून आणली. संध्याकाळी देवळात ती वाचून दाखवली. शेजारच्या काकू स्वतःच्या मुलाचा निरोप दोनदा वाचायला लावून ऐकत होत्या. त्या पोराचे उपकार आम्ही विसरणार नाही.

डोंबिवली
मी पलीकडच्या टोकाला होते. बाबा एकटे, मुरूडला. दिवसभर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकून जीव अर्धा झाला. शेवटी गावच्या मुंबईकरांच्या ग्रुपवर यादी केली : कोणाचं घर, कोणाशी बोलणं झालं, कोणाचं बाकी. एकाचा फोन लागला की त्यालाच आळीतल्या बाकीच्यांचं विचारायचं. बाबांची खुशाली मला अशीच कळली, अगदी अनोळखी बाईंकडून.

टॉवर देखभालीचं काम करणारा
लोक विचारायचे, टॉवर तर दिसतोय, मग रेंज का नाही? वीज गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग डिझेल जनरेटर. डिझेल नेणार कसं, रस्त्यावर झाडं आडवी. खांबांवरून गेलेली, टॉवरचे कॉल आणि डेटा वाहून नेणारी फायबर केबल तर झाडांबरोबरच तुटली होती. दोन टॉवरना जोडणारी मायक्रोवेव्ह डिश वाऱ्याने जरा जरी फिरली तरी लिंक जाते. वर चढून ती पुन्हा समोरच्या डिशवर नेमकी रोखावी लागते, आणि ते काम भर पावसात करता येत नाही. आम्हाला शिव्याही मिळाल्या आणि चहाही. शिव्यांचा राग नाही, माणसं कासावीस झाली होती.

एक कळकळीने सांगतो. रेंज नसताना फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी संपते. विमान मोडवर ठेवा, ठरावीक वेळी चालू करून बघा. क्षीण रेंज आली तर आधी एसएमएस. कॉल लागत नाही तिथेही तो बरेचदा जातो.

चिपळूण, जुलै २०२१चा पूर
आमच्याकडे पाणी चढलं आणि फोनही गेले. माळ्यावर बसून रात्र काढली. नंबर कोणाचेच पाठ नव्हते. आता दाराच्या आतल्या बाजूला, पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर, ऑइलपेंटने लिहिलेत.

डोंबिवलीहून पुन्हा
दादा, एक विचारायचं होतं. स्वतःच्या कंपनीची रेंज नसेल तर ११२ हा आपत्कालीन नंबर लागतो का?

टॉवर देखभालीचं काम करणारा
ताई, आसपास दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नेटवर्क चालू असेल तर लागू शकतो. स्क्रीनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ दिसलं की लावून बघाच. सगळेच टॉवर बंद असतील तर मात्र नाही.