ट्रॅक मुळात घोड्यांचे होते

दारूची चोरटी वाहतूक करणाऱ्या ड्रायव्हर लोकांनीच स्टॉक कार रेसिंग, म्हणजे रोजच्या वापरातल्या साध्या गाड्यांच्या शर्यती, जन्माला घातलं असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला 1949 मध्ये नॅस्कारची (अशा शर्यती भरवणारी अमेरिकन संस्था) पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक', म्हणजे फेरफार न केलेल्या गाड्यांची, रेस ग्लेन डनवेने जिंकली, मग मागच्या स्प्रिंगांत केलेला फेरफार सापडला म्हणून त्याला बाद करून जिम रोपरला पहिलं दिलं, आणि डनवेची गाडी त्याच दारूच्या धंद्यातली होती हे खरंय. पण रेस लावायला जागा कुठून आली?

अमेरिकेतल्या छोट्या गावांत शेतकी जत्रेच्या मैदानावर अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आधीपासूनच असायचा, दोनचाकी हलक्या गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यतींसाठी, शिवाय समोर लाकडी स्टँड, कुंपण, तिकीट खिडकी सगळं तयार, त्यामुळे आयोजकाला फारसा खर्चच नाही. घोड्यांसाठी केलेली वळणं मात्र बरीचशी सपाट, मग गाडी आडवी घसरवतच वळवायची, आणि धूळ तर इतकी की मागच्याला पुढचा दिसायचा नाही. पाणी आणि कॅल्शियम क्लोराईड मारायचे, पण कडक ऊन असलं की ते किती टिकणार!

नॉर्थ कॅरोलायनातल्या शेल्बीला जत्रेच्या अशाच मैदानावर 1965 मध्ये नॅस्कारचा ड्रायव्हर नेड जॅरेट तब्बल 22 लॅप्सच्या फरकाने जिंकला, म्हणजे दुसरा 11 मैल मागे. बाकीच्यांच्या गाड्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.