मलावीतल्या मिशन हॉस्पिटलात ३ महिने सेवेला जायचंय. औषधं गोळा करून न्यावीत का?

अंबडची_सिस्टर
सलाम मंडळी. जीएनएम (डिप्लोमा झालेली नर्स) आहे, बालरुग्ण वॉर्डात ५ वर्षं झाली. आमच्या चर्चतर्फे आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका खेड्यातल्या मिशन हॉस्पिटलात जानेवारी ते मार्च जायचं ठरतंय. मिस्टर दवाखान्यांतल्या मशिनी दुरुस्त करतात, तेही सोबत येणार. पाळकसाहेबांचं म्हणणं, जालना-बीडच्या डॉक्टरांकडून सॅम्पलच्या गोळ्या गोळा करून दोन बॅगा भरून न्या. न्याव्यात का? लसी, नोंदणी यांना किती आधी लागायचं? आणि तिथल्या वॉर्डात आपल्यापेक्षा वेगळं काय, तेही सांगा.

घाटीवाला
ताई, आधी कागद. थोड्या दिवसांच्या सेवेलाही पेशंटला हात लावायचा तर नर्सेस अँड मिडवाइव्ह्ज कौन्सिल ऑफ मलावीची तात्पुरती नोंदणी हवी. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू आहे, तक्रार नाही असा दाखला) काढा आणि डिप्लोम्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का (कागद परदेशात खरा धरावा म्हणून) घ्या. यात महिने जातात, आत्ताच अर्ज टाका. टुरिस्ट व्हिसावर जाऊन वॉर्डात उभं राहू नका. कोण म्हणेल "चालतंय की", पण काही बिघडलं तर ते हॉस्पिटल अडचणीत येतं.

पिवळ्या तापाची लस: मलावी या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही, पण विमानं बहुधा अदिस अबाबा नाहीतर नैरोबीमार्गे जातात, आणि इथिओपिया, केनिया दोन्ही यादीत आहेत. वाटेत १२ तासांपेक्षा जास्त थांबा पडला तर मलावीत कार्ड मागतात. विमानतळाबाहेर मुक्काम केला असेल तर परतताना भारतातही मागतात. नसलं तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि निदान १० दिवस आधी, तेव्हाच कार्ड लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर. कुपी फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरलेल्या वारीच माणसं बोलावतात. तिकिटाआधी वार विचारा.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले असतील, तरी अँटी-एचबीएस (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून बघा. १० च्या खाली आलं तर जायच्या आत पुन्हा डोस बसवायचे आहेत.

मलेरियाच्या गोळ्या: तिथं फाल्सिपॅरम (मलेरियाचा जिवावर बेतणारा प्रकार), क्लोरोक्विनच्या जुन्या गोळ्यांच्या भरवशावर जाऊ नका. जानेवारी ते मार्च म्हणजे ऐन पावसाळा. डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ रोज एक, निघायच्या १-२ दिवस आधीपासून ते परतल्यावर ४ आठवड्यांपर्यंत. लोक चुकतात ते या शेवटच्या ४ आठवड्यांतच. गोळी भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. उन्हानं कातडी भाजते, तेव्हा पूर्ण बाह्या घाला. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर ही गोळी नको. परतल्यावर ३ महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "आफ्रिकेतून आलेय" हेच सांगा. नाहीतर इथं सगळे डेंग्यूच्या मागं लागतात.

गोदाकाठ_फार्मसी
सॅम्पलच्या दोन बॅगा? नका नेऊ, माय. पाळकसाहेबांना माझ्यातर्फे हात जोडून सांगा. औषधदानाची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: पोचतेवेळी किमान १ वर्ष मुदत शिल्लक, नाव ब्रँडचं नाही तर औषधाचं, घेणाऱ्यानं मागितलेलंच द्यायचं, आणि डॉक्टरांचे सॅम्पल किंवा पेशंटनं परत केलेलं चालत नाही. सॅम्पलच्या पाकिटात चार-चार गोळ्या, मुदत तीन महिन्यांची, वर दोन-तीन औषधं एकत्र केलेलं आपलं कॉम्बिनेशन. तिथल्या नर्सनं ते कुठल्या कपाटात ठेवायचं? उपचाराच्या यादीत ते नसतंच. शेवटी त्यांच्याच माणसाला ते निवडायचं आणि जाळायचं काम लागतं. परवानगीशिवाय नेलं तर कस्टममध्ये अडतं ते वेगळं.

सिरप तर अजिबात नको. २०२२ मध्ये गांबियात भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांत डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, तेव्हापासून आपल्या बाटल्यांकडे लोक संशयानं बघतात. त्यात त्यांची काही चूक नाही.

पैसे जमवा आणि हॉस्पिटलला विचारून त्यांच्याच पुरवठादाराकडून घ्यायला सांगा. बॅगेत स्वतःपुरतं: हेडलॅम्प, चांगलं पल्स ऑक्सिमीटर, लहान मुलांचा बीपी कफ, मच्छरदाणी, पुढून बंद असलेले बूट आणि तीन चौकोनी पिनांचं अ‍ॅडॅप्टर. आपली गोल पिन तिथल्या सॉकेटात जात नाही. सुई टोचली तर एचआयव्हीचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं. ते वॉर्डात कुठं ठेवतात, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

बालवॉर्ड_अंबाजोगाई
वॉर्डाचं मी सांगतो. आपल्या हाताला एक सवय असते: पोर थंडगार, नाडी बारीक दिसली की २० मिलि प्रति किलो सलाइन धडाधड सोडायचं. तिथं थांबा. केनिया, युगांडा, टांझानियात ३,१४१ मुलांवर फीस्ट नावाची चाचणी झाली, २०११ मध्ये छापून आली. ताप आणि रक्ताभिसरण बिघडलेल्या मुलांत बोलस (असं भराभर सोडलेलं पाणी) दिलेल्यांपैकी साधारण १०.५ टक्के ४८ तासांत गेली, न दिलेल्यांत ७.३ टक्के. जुलाबानं सुकलेली आणि तीव्र कुपोषित मुलं त्या चाचणीत नव्हती, हे विसरू नका. जुलाबाच्या पोराला पाणी लागतंच. म्हणून बाटली लटकवण्याआधी विचारा: जुलाब आहेत का? हिमोग्लोबिन किती? मलेरियात ४ च्या खाली गेलेलं पोर दिसायला तसंच थंड दिसतं, पण त्याला हवं असतं रक्त.

गंभीर मलेरियाला आर्टेसुनेटचं इंजेक्शन: २० किलोच्या आत ३ मिग्रॅ प्रति किलो, वर २.४ मिग्रॅ. पहिला डोस लगेच, मग १२ आणि २४ तासांना, मग रोज एकदा. ६० मिग्रॅच्या कुपीत आधी सोबतचं १ मिलि बायकार्बोनेट घालून पाणी निवळ होईपर्यंत हलवायचं, मग ५ मिलि सलाइन. तासाभरात संपवायचं, उरलेलं दुपारच्या डोसाला ठेवायचं नाही. झटका आलेल्या किंवा बेशुद्ध मुलाची साखर लगेच बघा. पट्ट्या संपल्या असतील तर न बघता १० टक्के डेक्स्ट्रोज ५ मिलि प्रति किलो द्या.

मका हे तिथलं मुख्य अन्न, तो मार्चपर्यंत घरात आलेला नसतो, त्यामुळे कुपोषण तेव्हाच भरतं. आपल्या एनआरसीत (कुपोषित मुलांच्या केंद्रात) बहुतेक वाळलेली पोरं, तिथं सुजलेली खूप. दोन्ही पायांवर अंगठा ३ सेकंद दाबून खड्डा राहतो का बघा. सुजेनं वजन फुगतं, म्हणून पट्टीनं मोजलेला दंडाचा घेर ११५ मिमीच्या वर आला तरी सूज असली की पोर गंभीरच धरायचं. एफ-७५ (कुपोषित मुलांना सुरुवातीला द्यायचं खास दूध) दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा. रात्रीचे फीड चुकले की पहाटे साखर आणि अंगाचं तापमान दोन्ही घसरतात.

आणखी एक, तिथले क्लिनिकल ऑफिसर एमबीबीएस नसतात, पण सिझेरियन तेच करतात. त्यांना "कंपाउंडर" समजून बोलू नका.

अंबडची_सिस्टर
पाळकसाहेबांना दाखवते हे. मिस्टर विचारतात, त्यांनी कशावर हात साफ करून जावं? आणि वॉर्डात प्रार्थना घेतली तर चालते का?

स्पॅनर_परभणी
भाऊंना म्हणावं, ऑक्सिजन कॉन्संट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन). तिथं सगळ्यात जास्त तेच पडून असतात. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, दिवसरात्र चाललं तर आठ-साडेआठ युनिट. बिघाड बहुधा तीन जागी: मागची स्पंजची जाळी धुळीनं चोंदते (आठवड्याला साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका), व्होल्टेजच्या चढउतारानं बोर्ड जळतो (स्टॅबिलायझर), आणि दमटपणानं आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) मरतो. तिसऱ्यात फ्लोमीटरचा (किती लिटर सुटतंय ते दाखवणाऱ्या नळीचा) गोळा बरोबर जागी तरंगतो, हवाही येते, पण तिच्यात पुरेसा ऑक्सिजन नसतो. म्हणून ऑक्सिजन अ‍ॅनालायझर न्या. ८२ टक्क्यांच्या खाली दाखवलं की मशीन पोरापासून काढा. वीज गेली की मशीन त्याच क्षणी बंद, तेव्हा शेजारी भरलेलं सिलेंडर आणि त्याची चावी दोरीनं बांधलेली असावी. जायच्या आधी मशिनींचे मॉडेल नंबर फोटोसकट मागवा. एका कंपनीचा व्हॉल्व्ह दुसऱ्याला बसत नाही.

घाटीवाला
प्रार्थनेचं: बहुतेक मिशन हॉस्पिटलांत सकाळची भक्ती असते, तिथं खुशाल बसा. खाटेपाशी मात्र विचारल्याशिवाय नको, आणि औषधाच्या किंवा लसीच्या रांगेत तर नकोच. रांगेतल्या बाईला वाटतं, नाही म्हटलं तर गोळी मिळणार नाही. मलावी सरोवराकडच्या मांगोची भागात याओ लोक बहुतांश मुसलमान आहेत, तीही पोरं त्याच वॉर्डात असतात. आणि सरोवर कितीही निवळ दिसलं तरी काठाच्या पाण्यात पाय घालू नका, गोगलगायींतून बिल्हार्झिया (कातडीतून शिरणाऱ्या जंतांचा आजार) होतो.

ताई, तिथल्या चिचेवा भाषेतले दोन शब्द आत्तापासून घोका: मलुंगो म्हणजे मलेरियाचा ताप, झिकोमो म्हणजे आभारी आहे.