मालवणी मसाला पावसाळ्यात का बिघडला?

प्रश्न (वेंगुर्ले):
सासूबाईंच्या पश्चात गेल्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच एकटीने मालवणी मसाला केला. पाऊण किलो ब्याडगी आणि पाव किलो संकेश्वरी मिरची, अर्धा किलो धणे, बडीशेप, दगडफूल, बाद्यान वगैरे जिन्नस एकाच कढईत भाजून गिरणीतून दळून आणले. मे महिन्यात लालभडक असलेला मसाला गणपतीपर्यंत काळपट पडला, तळाशी गुठळ्या झाल्या आणि कुबट वास येऊ लागला. हिंगाचे खडे घालूनही असे का व्हावे?

उत्तर (मालवण):
प्रमाणात काही चूक दिसत नाही, ओल राहिली असावी. हिंग किडीला दूर ठेवतो, ओलीला नाही. मिरचीचा देठ कट्कन मोडला पाहिजे आणि ती कानाशी हलवली की आतले बी खुळखुळले पाहिजे. आपल्याकडे समुद्राची हवा रात्री इतकी दमट होते की, दिवसभर खळ्यात वाळवलेली मिरची संध्याकाळी उचलून डब्यात भरली नाही, तर सकाळी पुन्हा मऊ पडते. दुसरे म्हणजे, गिरणीतून आलेला मसाला चांगलाच गरम असतो. तो तसाच बरणीत भरला तर झाकणाला आतून घाम येतो आणि तेच पाणी खाली उतरते. परातीत पसरून पूर्ण गार करावा आणि मगच दाबून भरावा.

उत्तर (देवगड):
भाजण्याबद्दल एक सांगतो. सगळे जिन्नस एकत्र भाजू नयेत, कारण धणे खमंग होईपर्यंत खसखस करपलेली असते. ब्याडगी आपण तिखटासाठी नव्हे तर रंगासाठी घेतो (कर्नाटकातल्या या मिरचीला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले), म्हणून ती फार भाजून काळी करणे म्हणजे पैसे देऊन घेतलेला रंग जाळणे. सुके खोबरे मात्र त्यात दळू नका, लवकर खवट होते. वाटपात, म्हणजे आमटीच्या वाटणात, ते रोज ताजे पडतेच. तिरफळेही बांगड्याच्या आमटीत बी काढून अख्खीच टाकावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ती:
आभाळ भरून आले म्हणून मी मसाला गरम असतानाच बरणीत भरला होता, हे आता आठवले. उरलेल्या किलोभर मसाल्याला कडक ऊन दाखवले तर चालेल का?

उत्तर (मालवण):
नाही. कुबट वास म्हणजे आत बुरशी धरली आहे, आणि बुरशीचे विष उन्हाने किंवा फोडणीने जात नाही. जीव तुटेल, पण टाकून द्या. बरणी गरम पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात पालथी ठेवा.