शब्दचर्चा : ‘अंतःकपाल दाब’ गावात कसा सांगायचा?

रानवाट : डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी एक पानी मराठी माहितीपत्रक लिहितोय. दवाखाना यवतमाळ जिल्ह्यातला, वाचणारे आसपासच्या खेड्यांतले. डॉक्टरांच्या मसुद्याचा मथळा असा : ‘अंतःकपाल दाबाचे अनाक्रामक श्राव्यातीत मापन’. म्हणजे डोक्याच्या आतला दाब वाढलाय का, हे डोळ्यावरून सोनोग्राफी करून बघायचं. आमच्या आशाताईंना वाचून दाखवला तर म्हणाल्या, “हे कोनासाठी हाय? सायबासाठी का पेशंटसाठी?” सुचवा काहीतरी.

शब्दखोर : ‘अंतःकपाल’ आधी काढा. संस्कृतात कपाल म्हणजे कवटी, पण मराठी कानाला तिथे कपाळ ऐकू येतं. कपाळात दाब म्हटल्यावर माणूस बाम चोळेल, नाहीतर नशिबाला बोल लावेल. ‘अनाक्रामक’ सैन्याबद्दल ठीक आहे. ‘बिनटाक्याची’ हा शब्द लोकांच्या तोंडी आहे, पण तो ऑपरेशनच्या पाट्यांवरचा. वापरलात तर ऑपरेशन आहेच असा समज होईल. सरळ ‘डोक्याला भोक न पाडता’ लिहा. भोकाचा उल्लेख हवाच, कारण जुनी खात्रीची पद्धत तीच : कवटीला छिद्र करून मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत बारीक नळी सोडायची आणि दाब वाचायचा. ‘श्राव्यातीत’ शाळेच्या पुस्तकात राहू द्या. सोनोग्राफी म्हणा.

टोंगळा : सोनोग्राफी लिवा, पन सांभाळून. आमच्याकडं सोनोग्राफी म्हंजे पोट, अन् पोट म्हंजे बाळंतपन. दारावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी, अन् आत गाडीवरून पडलेल्या गड्याची सोनोग्राफी! बुढी इचारनारच, “माह्या पोराच्या पोटात काय झालं?” डोळ्यावरून करतेत, हे पह्यल्या वळीतच याले पायजे.

रातपाळी : मी आयसीयूत काम करते. ‘डोळ्यावरून’ लिहिलंत की दुसरा घोटाळा ठरलेला. गावात ‘डोळ्याचा दाब’ म्हणजे काचबिंदू. पापणीवर जेल लावून प्रोब टेकवला की कुणीतरी सांगतंच, “याचा दाब तर शिबिरात नॉर्मल होता.” डोळा इथे फक्त रस्ता आहे, हे लिहायलाच हवं.

होतं असं : मेंदूभोवतीचं पाणी डोळ्यामागच्या नसेच्या आवरणातही उतरलेलं असतं. डोक्यात दाब वाढला की ते आवरण फुगतं. डोळ्याच्या गोळ्यामागे ३ मिलिमीटरवर त्याची रुंदी बघतात. मोठ्या माणसात ती ५ ते ६ मिलिमीटरच्या घरात गेली की संशय घ्यायचा. नेमकी रेघ कुठे ओढायची यावर डॉक्टरांत एकमत नाही. डोळ्याच्या पडद्यावर नसेच्या तोंडाशी येणारी सूज दिसायला वेळ लागतो, आवरण मात्र लवकर फुगतं. सीटी लांब असेल तिथे म्हणूनच ही तपासणी कामाची. आवरणाला मी ‘खोळ’ म्हणते, लगेच कळतं.

पण माझी खरी तक्रार ‘मापन’वर आहे. नळी टाकली की दाबाचा आकडा येतो : निजलेल्या मोठ्या माणसात साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा, २२ च्या वर गेला की उपचार. सोनोग्राफीत दाबाचा आकडा येतच नाही, खोळीची रुंदी येते. त्यावरून दाब वाढलाय का हे ताडायचं. ‘दाब मोजला’ लिहिलंत तर नातेवाईक विचारणार, “किती भरला?” आणि बीपीसारखे वरचा-खालचा असे दोन आकडे मागणार. उभ्या पिकाचा उतारा अजमावतात, तसं आहे हे. ‘अजमावणे’ वापरा.

शब्दखोर : ‘अजमावणे’ एकदम मान्य. कानशिलावरूनही करतात ना?

रातपाळी : हो, डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी. १९८२ साली संशोधक रूने आस्लिड यांनी ती वाट दाखवली. कानशिलाचं हाड पातळ असतं, तिथून २ मेगाहर्ट्झच्या लहरी आत जातात आणि मेंदूच्या मधल्या रोहिणीतला रक्ताचा वेग कळतो. डोक्यात दाब वाढला की दोन ठोक्यांमधला प्रवाह आधी खचतो. काही जणांच्या, विशेषतः वयस्क बायांच्या, हाडातून लहरी जातच नाहीत. पत्रकात हे घालू नका, गर्दी होईल. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. टाळू उघडी असते, तिथून थेट आत बघता येतं.

टोंगळा : टाळू वर आली का, हे तं आमची माय हात लावूनच सांगते.

रानवाट : मग असं चालेल का? ‘डोक्याच्या आतला दाब वाढला आहे का, हे डोक्याला भोक न पाडता, बंद पापणीवरून सोनोग्राफी करून अजमावतात. हा डोळ्याचा दाब म्हणजे काचबिंदू नव्हे. संशय आला तर सीटी करतील किंवा मोठ्या दवाखान्यात पाठवतील.’

टोंगळा : चालते. पन ‘डोकं’ अन् ‘भोक’ एका वळीत वाचून बुढी घाबरन. ‘न पाडता’ ठळक छापा.

रातपाळी : आणि खाली एक ओळ वाढवा : ‘डोळ्याला मार लागला असेल तर आधी सिस्टरला सांगा.’ डोळा फुटल्याचा संशय असला तर त्यावर प्रोब टेकवत नाहीत.