मदत हवी आहे: आईची सकाळची साखर रात्रीपेक्षा जास्त येते

नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची, डायबिटीस ११ वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो.

रात्री झोपताना मशीन १३० दाखवतं आणि सकाळी सहाला, चहाचा घोटही घेतलेला नसताना, १८०-१९०! "अगं, मी रात्री उठून काही खात नाही गं," असं ती शपथेवर सांगते. (लाडू मी मोजून ठेवले होते, एकही कमी नाही. तिला कळू देऊ नका.)

डॉक्टर म्हणाले, पहाटे कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स वाढतात, लिव्हर रक्तात साखर सोडतं आणि इन्सुलिन कमी पडतं. किंवा रात्री साखर फार खाली जाऊन नंतर चढत असेल. म्हणून पहाटे तीनला तपासायला सांगितलं. गजर लावून दोन रात्री बोट टोचलं: १४२ आणि १५१. म्हणजे खाली तर जात नाहीये. आता गुरुवारी पुन्हा दाखवायचंय, तोवर गोळ्यांना हात लावणार नाही.

पण तुमचा अनुभव सांगा. मी लोकलने येईपर्यंत साडेनऊ होतात, आई जेवायला थांबते. जेवण साडेसातला घेतल्याने कुणाचा सकाळचा आकडा उतरलाय का? जेवून तलावपाळीला एक फेरी मारली तर? आणि दंडावर लावायचा तो साखर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर कुणी वापरलाय का? आपल्या घामात टिकतो का?

कारल्या-मेथीचे काढे कृपया नकोत, शेजारच्या काकूंनी आधीच तीन बाटल्या दिल्यात.