बागेतली शिबिरं, फुलांची प्रदर्शनं, झाडं ओळखायच्या सहली : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

संत्राबर्फी
पोरीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, शनिवारी महाराजबागेत सहल, डबा-पाणी-टोपी, झाडांची माहिती देणार. वाचता वाचता एकदम कलम बांधायचा वर्ग आठवला. आम्ही तेव्हा रामदासपेठेत राहायचो, कृषी महाविद्यालयात हिवाळ्यात शेवंतीचं प्रदर्शन लागलं की आई शेजारच्या दोघीतिघींना घेऊन जायची आणि मी मागे मागे. तिथेच कोणीतरी आईला सांगितलं की संत्र्याची कलमं शिकवतात, या.

शिकवायला सर होते पण खरं दाखवलं ते तिथल्या माळीकाकांनी. खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधायचं ते, जंबेरी लिंबाचं रोप, पेन्सिलीएवढं जाड झालेलं. जमिनीपासून वीतभर वर सालीत आडवी एक आणि उभी एक चीर, चाकूच्या मागच्या टोकाने साल हलकेच उचलायची आणि संत्र्याच्या फांदीचा सालीसकट काढलेला डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, आत सरकवायचा. डोळ्याला बोट लावायचं नाही, पानाचं देठ ठेवलेलं असतं त्यालाच धरायचं. मग प्लास्टिकची पट्टी, डोळा तेवढा उघडा. मला सगळ्यात आवडलं ते पुढचं, काका म्हणाले दोनतीन आठवड्यांनी त्या देठाला नुसतं बोट लाव, पटकन गळून पडलं तर डोळा जगला, वाळून चिकटून बसलं तर मेला. आईने विचारलं इतक्या वर काहून बांधता, तर म्हणाले खाली बांधला तर पावसाळ्यात मातीचं पाणी लागून डिंक्या येतो, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. दहावीला वनस्पतींचं शाकीय प्रजनन पाठ करताना मला फक्त ते देठ दिसायचं.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. शिबिर, प्रदर्शन, रानभाज्या, फुलपाखरं, काहीही चालेल.

बर्डीचा_बंड्या
टोपी पाठवा वाचून हसू आलं. आम्ही मे २०१३ ला निसर्ग शिबिराला गेलो होतो, ज्या महिन्यात नागपूर ४७.९ ला गेलं तोच मे. आयोजकांचं नाव नाही घेत. सकाळी सहाला बोलावलं, ओळख-स्वागत-दीपप्रज्वलन करता करता साडेआठ वाजवले आणि मग म्हणे चला आता झाडं पाहू. सावली देणारं एक झाड धड नाही, सगळी पानगळ झालेली, गाईड सांगून राहिला "हा सालई, हा मोवई", आम्हाला सगळे खांबच दिसून राहिले. फक्त एक बहावा होता बहरलेला, अख्खी गँग त्याच्याखाली बसली ती उठलीच नाही. सर्टिफिकेट मात्र लॅमिनेट करून दिलं.

संत्राबर्फी
@बंड्या बहाव्याची सावली ती काय, पानं कुठे असतात तेव्हा 😂

बर्डीचा_बंड्या
ताई मनाची सावली.

अश्विनी_नव्हे_कुचला
नाव बघून कळलंच असेल. बागेत नक्षत्रवन होतं, प्रत्येक जन्मनक्षत्राचं एक झाड, कुठली बाग ते सोडा. सगळे आपापलं नक्षत्र शोधून झाडासोबत फोटो काढून राहिले होते. नणंदेचं रोहिणी, तिला जांभूळ. सासूबाईंचं पुष्य, पिंपळ, त्या लगेच हात जोडून प्रदक्षिणा. जावेचं भरणी, आवळा. माझं अश्विनी, तर पाटीवर लिहिलेलं कुचला, बिया विषारी, स्ट्रिकनीन. मिस्टर म्हणाले शास्त्र खोटं नाही बोलत. तेव्हापासून घरात कोणाशी वाजलं की "कुचला उगवला" एवढंच म्हणतात.

धरमपेठची_काकू
शेवंतीचं लिहिलंत म्हणून मी पण लिहिते, कुकर लावलाय तोवर. प्रदर्शनातून रोपं आणून मी वर्षानुवर्षं लावायची आणि समोरच्या ओट्यावरच्या कुंड्यांना नुसती पानं. मागच्या अंगणातल्यांना मात्र फुलं. खत तेच पाणी तेच. मग एका वर्षी तिथे माहिती द्यायला बसलेल्या विद्यार्थ्याला विचारलं, त्याने पहिला प्रश्न केला काकू ओट्यावर रात्री लाईट असतो का. हो ना, स्ट्रीटलाईट थेट तोंडावर! शेवंतीला लांब अखंड रात्र लागते म्हणे, तेव्हाच कळी धरते, रात्री उजेड पडला की तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे. कुंड्या मागे नेल्या, त्याच डिसेंबरात फुलल्या. त्यानेच सांगितलं पावसाळाभर शेंडे खुडत राहा म्हणजे फुटवे येतात, आणि प्रदर्शनासारखं थाळीएवढं फूल पाहिजे असेल तर एका काडीवर एकच कळी ठेवा बाकीच्या काढा. ते काही माझ्याने होत नाही, कळ्या कशा खुडायच्या.
शिट्ट्या झाल्या. नंतर येते.

झिंगाबाई_टाकळी
काकू सेम पिंच! आमच्याकडे गॅलरीत ट्यूबलाईट. यजमानांना आत्ताच वाचून दाखवलं तर म्हणतात मग फुलांसाठी अंधारात बसू का. बसा.

हर्बेरियमग्रस्त
बीएस्सी बॉटनी, सिव्हिल लाईन्स. आमचं बागेत जाणं म्हणजे शिक्षाच, प्रत्येकाने हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवलेली झाडं चिकटवलेले कागद, करून द्यायच्या. फांदी आणायची, वर्तमानपत्रात दाबायची, वर वजन, आणि रोज कागद बदलायचा नाहीतर बुरशी. पावसाळ्यात तर विचारू नका, हॉस्टेलमध्ये गादीखाली तरोटा, घाणेरी, कुडा आणि त्याच्यावर रूममेट झोपलेला. एक पान पालथं ठेवायचं म्हणजे खालची बाजू दिसते, हे सर इतक्यांदा म्हणाले की लग्नाच्या पंगतीत पत्रावळ मांडतानाही आठवतं. पण खरं सांगतो, आज रस्त्याने जाताना जी झाडं नावासकट कळतात ती गादीखाली होती तीच. स्लाईडवर दाखवलेलं एक आठवत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
रानभाजी महोत्सवाचं कोणीच नाही लिवलं? ऑगस्टात कृषी विभागवाले भरवतात, ९ ऑगस्ट आदिवासी दिनाच्या मागंपुढं. मी गेलो पाह्यले का काय काय हाय, तर काटवल, तरोटा, केना, कुड्याची फुलं, बांबूचे वास्ते म्हंजे कोवळे कोंब, सगळं मांडून आणि प्रत्येकापुढं चिठ्ठी. एक शहरी बाई तरोट्याची जुडी हातात घेऊन इचारते याची किंमत काय. मनात म्हटलं मावशी आमच्या आवाराच्या भिंतीले हेच हाय, या आन् फुकट न्या. पन एक गोष्ट तिथंच कळली, तरोटा कोवळा असतानाच खायचा, फुलं आली का मंग नाई. आन् स्टॉलवाल्या आजीनं वास्ते दोनतीनदा उकळून पानी फेकाचं हे तंबी देऊन सांगितलं, बिना उकळता खाल्ले तं बाधतात.

झिंगाबाई_टाकळी
काटवल किती होते हो? आमच्या बाजारात हातच लावू देत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
इचारू नका. भाव पाहून फोटो काढला आन् घरी आलो.

फुटाळा_वॉकर
फुटाळ्याच्या सातपुडा बॉटनिकल गार्डनला फिरायला जायचो आम्ही. विषय वेगळा आहे पण तिथल्या पार्किंगबद्दल कोणाला काही माहीत आहे का सध्या?

बर्डीचा_बंड्या
भाऊ धागा अनुभवांचा आहे, पार्किंग हा वाईट अनुभव म्हणून चालेल.

पळसवाली_टीचर
मी प्रायमरीला शिकवते. होळीच्या आधी आम्ही पळसाच्या रंगाचा वर्ग घेतो, बागेतच, फक्त खाली पडलेली फुलं उचलायची हा नियम. रात्रभर भिजवली की पाणी पिवळसर केशरी होतं. मग मी चिमूटभर खायचा चुना टाकते आणि बघता बघता गडद नारिंगी होतं, पोरं अशी ओरडतात की बाजूचा वर्ग धावत येतो. एका वर्षी एक मुलगा म्हणाला मॅडम हा तर मारबतवाला पळस. मला आधी कळेना. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या, मेढे ठेवतात ना, दुसऱ्या दिवशी पहाटे इडापिडा जावी म्हणून "घेऊन जा गे मारबत" ओरडत ते नेतात. त्याच्या डोक्यात पळस म्हणजे ऑगस्टचं हिरवं पान, मार्चला पान नसलेलं लाल झाड तेच असेल हे त्याला पटेचना. शेवटी जूनमध्ये त्याला त्याच झाडापाशी परत नेलं. हेच मला शाळेच्या सहलींबद्दल म्हणायचंय, वर्षातून एकदा नेतात आणि पोरांना झाड म्हणजे एक फोटो वाटतो. संत्राबर्फी, जमलं तर पोरीला उन्हाळ्यातही घेऊन जा, सकाळी.

संत्राबर्फी
टीचर, करते. सहलीला "प्रश्न विचारू नये, रांग सोडू नये" पण लिहिलंय मेसेजमध्ये, ते आता वाचलं.

धरमपेठची_काकू
आले परत. मारबत वाचून माहेर आठवलं, महालात आमच्या वाड्यासमोरून पिवळी मारबत, तो मिरवणुकीतला मोठा पुतळा, जायची. असो, त्याचा वेगळा धागा काढा कोणीतरी.

कढीपत्ता_संकटात
माझा मुलगा फुलपाखरांच्या कार्यशाळेला गेला आणि घरी येऊन त्याने माझ्या कढीपत्त्यावर ताबा मिळवला. पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काहीतरी होतं, मी पाण्याने उडवणार तर हा किंचाळला, आई ती अळी आहे! लिंबू-फुलपाखराची अळी लहानपणी तशीच दिसते म्हणे, म्हणजे पक्षी खात नाहीत. मोठी झाली की हिरवी. त्याने काडीने हळूच डिवचून दाखवलं, डोक्यामागून शिंगासारखं लालसर काहीतरी बाहेर आलं आणि सडक्या संत्र्यासारखा वास. संत्रा, लिंबू, कढीपत्ता सगळे एकाच कुळातले, म्हणून हिला सगळंच चालतं. आता हा निलवंत येईल म्हणून वाट बघून राहिलाय, राज्य फुलपाखरू आहे आपलं २०१५ पासून, त्याच्या अळ्याही याच कुळावर वाढतात असं कार्यशाळेत सांगितलंय. मी म्हटलं आमच्या तिसऱ्या मजल्यावर?

हर्बेरियमग्रस्त
येतो येतो, लिंबाचं रोप पण ठेवा बाजूला.

कढीपत्ता_संकटात
ठेवलंय. ते पण खाल्लं.

वऱ्हाडी_ठेचा
मंग फोडणीत काय टाकता वहिनी?

कढीपत्ता_संकटात
शेजारणीचा. तिच्याकडे अजून कोणी कार्यशाळेला गेलेलं नाही.